देवासच्या खोलीतली लोखंडाची मोजणी

आमच्या मशीनला लोखंडाचा एक पातळ पत्रा मोजायला चार दिवस लागायचे. चार दिवस माणसानं करायचं काय? मशीनकडे बघायचं, एकमेकांकडे बघायचं आणि बोलायचं. किस्से साठणार नाहीत तर काय!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. देवासच्या कॉलेजात फिजिक्स विभागाच्या मागे एक खोली होती. तिथे आम्ही तिघं: पागनीस सर, लॅब अटेंडंट मांगीलाल भिया आणि मी, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा लेक्चरर. सरही एकटेच. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, धारच्या सरकारी शाळेत शिकवायच्या. मध्ये इंदूर, तिथे बस बदलायची. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

विषय सोपा आहे, असं फक्त सर म्हणायचे. "शुद्ध लोखंडात प्रत्येक अणूपाशी चुंबकीय क्षेत्र सारखं. त्यात जरा ॲल्युमिनियम मिसळा. आता त्या परक्या अणूला खेटून जो लोखंडाचा अणू आहे, त्याच्यापाशी क्षेत्र कमी होतं. किती कमी, ते मोजायचं. बस!"

* * *

एकदा भोपाळहून इन्स्पेक्शनला साहेब आले. मशीनपुढे थांबले.

"यह क्या कर रहा है?"

सर वर्गात होते, मी चहाला. मांगीलाल भिया हात जोडून म्हणाले, "हुजूर, गिन रहा है."

"क्या गिन रहा है?"

"वो तो साब को भी चार दिन बाद पता चलेगा!"

* * *

मिसळलेलं लोखंड आम्ही एका भट्टीतून आणायचो. तिथले फोरमन माने साताऱ्याकडचे. आमची मागणी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, आम्ही घाण काढायला दिवसभर भट्टीपुढं मरतोय, आन् तुम्ही मुद्दाम घालायला सांगताय?"

दिलं मात्र करून. पुढे दर महिन्याला विचारायचे, "माझ्या तुकड्याचं काय झालं?" गावाकडची चौकशी करावी तसं.

* * *

त्याच वर्षी मी कुक्षीला मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "करता काय आपण?" मी चुंबकीय क्षेत्र, अणू, किरण, सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. आत जाऊन बंद पडलेला रेडिओ घेऊन आले!

आता काय करणार? बसलो उघडून. एक तार सुटली होती, जोडली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. मला ती आवडली होती.

आठ दिवसांनी पत्र आलं. योग नाही, म्हणून. खाली एक ओळ होती: "रेडिओ उत्तम चालतो आहे."

सरांनी पत्र वाचलं, घडी करून परत दिलं आणि त्या दिवशी मला जेवायला घरी नेलं. पिठलं त्यांनीच केलं.

* * *

मोजणीसाठी पत्र्यातून जे किरण सोडायचे, ते यायचे कोबाल्टच्या एका ठिपक्यातून. तो नऊ महिन्यांत निम्मा ओसरतो. चार दिवसांचे आठ झाले, मग सोळा. नव्यासाठी अर्ज गेलेला होता. मांगीलाल भिया म्हणाले, "साब, ये तो मेरे से पहले रिटायर हो रिया है!"

सर म्हणाले, "होऊ दे. आपण थांबू. थांबायची सवय आहे."

* * *

एके शनिवारी सर पेढे घेऊन खोलीत आले. धारला बदली! गुपचूप अर्ज केला होता. "आधी सांगायचं आणि झालं नाही, तर तिला उगाच वाईट वाटेल." पहिल्या बसनं गेले.

दुपारी दारात काकू उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"हे कुठे आहेत?"

"धारला गेले, काकू. बदली झाली ना!"

"कोणाची? बदली माझी झाली. इथे, देवासला!"

त्यांनीही गुपचूपच अर्ज केला होता. मांगीलाल भियांनी स्टूल आणून ठेवलं. काकू त्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू थांबलं, पाणी थांबलं नाही.

ऑर्डर रद्द करायला भोपाळला खेटे घातले. "पुढच्या सत्रात पाहू," एवढंच उत्तर.

* * *

सर धारला, मशीन देवासला. मग काकू रोज शाळा सुटली की खोलीत यायच्या, मशीनवरचा त्या दिवसाचा आकडा पोस्टकार्डावर उतरवायच्या आणि कार्ड धारला टाकायच्या. सरांचं येणं महिन्यातून एकदा.

एका पावसाळ्यात मशीन बिघडलं. दुरुस्तीला इंदूरला पाठवलं आणि मी तसं सरांना कळवलं. टेबल रिकामं. तरी काकू रोज यायच्या, त्या टेबलापाशी बसायच्या, कार्ड लिहायच्या आणि टाकायला जायच्या.

तिसऱ्या आठवड्यात काकूंच्या नावे सरांचं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर आलं. उघडंच असतं कार्ड, नजर गेली.

"सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद. रोजचे आकडे पोचले. उत्तम येत आहेत. मोजणी थांबवू नये."