माळकरी मासे

आमच्या घरी दोन प्रकारचे जीव माझ्या हातचं जेवतात आणि दोघांनी मिळून माझा जीव खाल्लाय. एक माझे सासरे. मासळीचा वास आला की ते जेवत नाहीत. दुसरे आमच्या शेततळ्यातले मासे. मासळीचा वास नाही आला की ते जेवत नाहीत. मधे मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, हे माझ्यासाठीच कुणीतरी म्हणून ठेवलेलं असणार.

शेततळं ही नवऱ्याची हौस. तो वाशिंदला कंपनीत आहे. शिफ्ट करतो, घरी येतो, जेवतो, मोबाइलवर माशांचे व्हिडिओ बघतो आणि झोपतो. एक दिवस म्हणाला, नुसत्या भातावर काय भागतंय, आपण पंगस सोडू. सोडले. म्हणजे त्याने सोडले आणि मी अडकले. तळं त्याचं, चिखल माझा.

पंगस हा बिनखवल्यांचा, मिशीवाला मासा. मिशी दिसली की बघणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द येतो, ‘मांगूर!’ बंदी आलेला तो परदेशी मांगूर वेगळा, हा वेगळा, हे मी धसईच्या बाजारात सांगितलंय, एसटीत सांगितलंय, लग्नात सांगितलंय, एकदा तर मयताला गेले होते तिथंही सांगितलंय. लोक शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, ‘पन मांगूरच ना?’ गाढवापुढं वाचली गीता.

तर या पंगसांना वाढायला कसदार खाद्य लागतं आणि त्या खाद्यात मुख्य असतो कुटा. कुटा म्हणजे सुकी मासळी दळून केलेली पूड. पोतं उघडलं की सगळ्या आळीला कळतं. मी तो पेंडीत आणि भाताच्या कोंड्यात कालवून गोळे करायची. हात कोपरापर्यंत त्यात.

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. त्याआधी हाच माणूस ओढ्याला बांध घालून मासे धरायचा आणि चुलीपाशी बसून डोक्यासकट चोखायचा, असं नणंद सांगते. पण माळ घातली ती घातली. तळं खणलं तेव्हा ‘तुमचा धंदा तुमच्यापाशी,’ एवढंच बोलले. मला वाटलं, सुटले. कुट्याचं पहिलं पोतं आलं त्या दुपारी मी त्यांना ताट वाढलं. त्यांनी भाकरी उचलली, नाकाशी नेली आणि ताट हळूच बाजूला सारलं.

‘तुज्या हाताला वास येतो गो.’

साबण लावला. लिंबू चोळलं. चुलीतली राख लावून हात घासले, बेसन लावलं. प्लास्टिकचे हातमोजे आणले. त्यावर म्हणतात, ‘मोजं काढलंस की आत हात तोच ना?’ आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा! दुसऱ्या दिवशी परसात तीन दगड मांडले आणि म्हाताऱ्याने स्वतःचं स्वतः शिजवायला सुरुवात केली.

शिजवणं येतंय कुणाला? आयुष्यात कधी चहा केला नव्हता. भात कच्चा, नाहीतर करपलेला. डाळीत मीठ दोनदा, नाहीतर मुळीच नाही. अर्धं टाकायचे आणि ‘पोट भरलं’ म्हणायचे. बघता बघता अंगातली गंजी लोंबायला लागली, गळ्याची हाडं वर आली. एकदा भांडं कलंडलं आणि उकळती पेज पायावर सांडली. मुरबाडला दवाखान्यात नेलं, पट्टी केली. परत आले ते लंगडत थेट परसात, त्याच दगडांपाशी. मी हात जोडले, पाया पडले, ओरडले. नाय म्हणजे नाय.

त्यात खर्डीहून नणंद आली. मागे चूल बघितली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘वहिनी, बाबांना वेगळं शिजवायला लावलंस?’ मी लावलं! तिला सगळं सांगितलं तर म्हणते, ‘पन लोकं काय तुझं ऐकायला येनार हायेत काय?’ ते मात्र खरं होतं. लोकांना एवढंच दिसत होतं, की धडधाकट सून घरात आणि म्हातारा धुरात.

नवऱ्याला फोन केला. म्हणाला, ‘प्रेमाने समजव.’ फोन ठेवून मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच सुमारास शहापूरला मत्स्यपालनाचं शिबिर होतं. तिथल्या सरांनी सांगितलं, सोयाबीनची पेंड आंबवून घ्या. आंबवली की तिच्यातलं माशाला न पचणारं बरंचसं मोडतं, मग ती कुट्याची जागा घेऊ शकते. मी ताडकन उभी राहिले. सगळी जागा घेईल का? सर हसून म्हणाले, ‘ताई, सगळी नको. थोडा कुटा राहू द्या, वाढ चांगली होते.’ मी म्हटलं, ‘सर, आमच्या घरात थोडा चालत नाही. माळकऱ्याला थोडा मासा चालतो का?’ सगळा हॉल हसला. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो भाजलेला पाय होता.

घरी आले आणि निळं पिंप धुऊन काढलं. सोयापेंड, कोमट पाणी, गूळ, थोडं यीस्ट. झाकण घट्ट लावून पडवीत ठेवायचं आणि आंबू द्यायचं. एवढंच काम, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आमच्या भागात काळा गूळ आणि निळं पिंप एकत्र दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. गूळवाला गालात हसून म्हणाला, ‘धंदा बदलला वाटतं.’ शेजारीण उगाच दोनदा मीठ मागायला आली, दोन्ही वेळा नाक पुढे करून. एका संध्याकाळी मागच्या दारी एक गृहस्थ रिकामी बाटली घेऊन उभा. ‘वैनी, पहिल्या धारेची आसंल तर...’ मी पिंपाचं झाकण काढून त्याच्या तोंडापुढे धरलं. म्हटलं, घे, पी, माशांचं जेवण आहे. आंबूस भपकारा नाकात गेला तसा तो पाय लावून पळाला.

पहिलं पिंप सडलं. झाकण नीट बसलं नव्हतं, आत अळ्या झाल्या. दुसरं जमलं. मोठ्या आशेने गोळे केले, भोकं पाडलेल्या परातीत ठेवून तळ्यात सोडले. परात वर ओढली तर गोळे जसेच्या तसे. एकाने तोंड लावलं नव्हतं. काय ती मिजास! शेणकूट खाणारी जात तुमची आणि माझ्या हातची पेंड चालत नाही? मी बांधावर उभी राहून माशांना शिव्या घातल्या. परसात बाबा करपलेली खिचडी खरवडत होते, इकडे हे उपाशी. दोघांचे उपास माझ्या माथी.

मग मी त्यांची खोड मोडायची ठरवली. कुटा एकदम बंद न करता दर खेपेला मूठभर कमी आणि आंबवलेली पेंड तेवढी जास्त. जेवले नाहीत की परत मागे यायचं. दोन पावलं पुढे, एक मागे. मधे नवरा म्हणाला, मासे हळू वाढतायत. म्हटलं, तुझा बाप हळूहळू झिजतोय ते दिसत नाही का? हिवाळा सरत आला तेव्हा कुठे एके दिवशी परात जड जाईल म्हणून दोन्ही हातांनी ओढली आणि ती हलकीच वर आली. स्वच्छ. आणि त्या गोळ्यांत कुट्याची चिमूट नव्हती.

मी धावत परसात गेले. ‘बाबा, कुटा बंद केला. पुरा बंद!’

त्यांना पटेना. काठी टेकत आले, रिकामं पोतं उलटं करून झटकलं. पिंपाचं झाकण उघडायला लावलं, वास घेतला. आणि मी हां हां म्हणेपर्यंत बोट बुडवून जिभेला लावलं! क्षणभर डोळे मिटले. ‘आंबोळीच्या पिठासारखं लागतंय,’ म्हणाले. वळून तळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘म्हंजे हे मासं पन माळकरीच झालं की गो.’

त्या दुपारी ते ओटीवर जेवायला बसले. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी समोर बसून प्रत्येक घास तोंडात जाताना पाहिला. मला वाटलं, देव पावला.

कसला पावतोय! आगीतून फुफाट्यात. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा तळ्यावर. गोळे मीच घालनार, म्हणाले. परातीवर काठीने ठक ठक करायचे आणि त्या आवाजाला सगळं तळं उकळल्यासारखं वर यायचं. मिश्या वर, तोंडं वासलेली. बाबा त्यांच्याशी बोलायचे. एका दांडग्या माशाला ‘बुवा’ म्हणायचे. ‘बुवा, सबुरीनं, सगल्यांना मिलंल.’ मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण मासे विकायला ठेवलेत हे त्या तळ्यावर फक्त मला आठवत होतं.

कल्याणच्या व्यापाऱ्याचा टेम्पो ठरला. मी घरात सांगितलं तसा बाबांचा हात ताटात थांबला.

‘माळकऱ्यांना इकायचं?’

‘बाबा, मासे आहेत ते.’

‘मी खाऊ घातलंय त्यांना. माज्या आवाजाला येतात. मंग ते मारलं कुनी? मीच ना?’

‘हे शेततळं आहे, देवळातलं कुंड नाय!’ मी ओरडले. ‘वर्षभर या हातांनी पेंड आंबवली ती तुमच्यासाठी. माशांना आवडत नव्हती, घरात कुणाला नको होती. तुमी दोन घास खावेत म्हणून. आणि आता तुमी त्यांच्यासाठी जेवणार नाय?’

ते उठून गेले. त्या रात्री जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पण नाहीत. परसातले दगडसुद्धा पेटवले नाहीत. मला इतका संताप आला होता, की रडू येत होतं आणि रडू आल्याचाही संताप येत होता.

विकायच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य घालत नाहीत. पोट रिकामं असलं की वाटेत टिकतात. बाबांनी ते ऐकलं आणि परात स्वतःच भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी टेम्पो आला, वाडीवरची माणसं जाळं घेऊन आली. मीही साडी खोचून पाण्यात उतरले, माणसं कमी होती. बाबा बांधावर काठी धरून बसले. नका बसू म्हटलं, तरी बसले.

पहिली ओढ रिकामी गेली. पंगस हुशार, जाळ्याखालून निसटून पार त्या टोकाला खोल जाऊन बसले. दुसऱ्या ओढीत चार-दोन लागले. ऊन वर चढत होतं, व्यापारी कावला. विचारतो, ‘यांना खायला कोण घालतं?’

सगळ्यांनी बांधाकडे बघितलं.

‘मग आजोबांना सांगा ना परात वाजवायला. आपसूक गोळा होतील. पाच मिनिटांचं काम.’

खरंच पाच मिनिटांचं काम होतं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी सांगितलं असतं तर ते उठले असते, मला ठाऊक आहे. मुलाचा धंदा आहे, टेम्पो उभा आहे, म्हणून उठले असते, परात वाजवली असती आणि मग पुन्हा कधी जेवले नसते.

‘काय नाय वाजवायचं,’ मी म्हटलं. ‘जाळं कशाला आणलंय? वाळत घालायला? ओढा!’

व्यापारी बडबडला. एवढ्या वेळात दुसरीकडचा माल भरून झाला असता म्हणाला. म्हटलं, मग जा दुसरीकडे. गेला नाही. आम्ही पंप लावून पाणी उतरवलं आणि ओढत राहिलो. दुपार गेली, हात सोलवटले, कंबर मोडली. संध्याकाळी टेम्पो भरला. बुवा कोणता होता, मी बघितलं नाही. बाबा तेवढा वेळ तिथंच बसून होते.

घरी येऊन अंघोळ करायचंसुद्धा त्राण नव्हतं. भात टाकला आणि चुलीपुढे तशीच बसले. बाबा आत आले. कधी नव्हे ते चुलीजवळ, माझ्या शेजारी पाट ओढून बसले.

‘फुडच्या खेपेला कुटाच घाल,’ म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘काय?’

‘कुटाच घाल त्यांना. पेंड नको. म्हंजे मी तिकडं फिरकनार नाय.’

मी डोक्याला हात लावला. वर्षभर! पिंप, गूळ, अळ्या, लोकांची बोलणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ‘आणि मग तुमचं जेवण? परत त्या दगडांवर?’

‘नाय,’ ते म्हणाले. ‘तुज्याच हातचं जेवीन. वाढ.’

माझ्या हातांना कोपरापर्यंत मासळीचा वास येत होता. मी धुवायला उठले तसं त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी तशीच खाली बसले आणि त्यांना भात वाढला.