कढईपुढे उभं राहायचं औषध

‘औषध थंड जागी ठेवा’ म्हटल्यावर ते नेऊन बर्फाच्या कप्प्यात कोंबणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर आता पाहून घ्या. ती मी. आणि ही बाई जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली होती. पाणी कधी गोठतं हे न सांगता आलेल्या पोरांना तिनं बाकावर उभं केलं होतं!

इंजेक्शनं माझी नव्हती. आर्णीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आचाऱ्याची होती. लग्नाचा स्वयंपाक करायचे म्हणून सगळं गाव त्यांना महाराज म्हणायचं. वयानं माझ्या मुलाएवढे, पण महाराज म्हटल्यावर अरे-तुरे जमत नाही. त्यांच्या फ्रीजमध्ये खवा, दही, पनीर, दार दिवसभर उघडझाप. म्हणून नागपूरहून थर्माकोलच्या डब्यात आलेलं औषध ते माझ्याकडे घेऊन आले. “बाई, थंड्यात ठेवजा.” मे महिना होता. मी म्हटलं, थंड चांगलं तर बर्फ त्याहून चांगला.

रविवारी ते न्यायला आले. सुई उजेडाकडे धरून बघतच राहिले.

“बाई, याची त कुल्फी झाली.”

“कोमट पाण्यात सोडू का?” हेही मीच विचारलं.

महाराज पायरीवर बसून हसले. मग म्हणाले, “राहू द्या. होऊन जाते बराबर.” भात खाली लागला, वऱ्हाडात दोनशे माणसं जास्त आली, तरी ते हेच म्हणायचे. नागपूरला फोन केला तर तिकडून सांगितलं, गोठलेलं औषध फेकून द्या. नवा डबा यायच्या आधी त्यांचा डावा डोळा धुरकट झाला.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं सैन्यच शरीराच्या नसांवरचं आवरण कुरतडतं. “आमच्या खानदानात पहिला एमएस मीच,” असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे अभिनंदन करून जायचे.

डोळ्याच्या वेळी मीही त्यांच्यासोबत नागपूरला गेले. डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, माझ्यामुळे झालं का? ते म्हणाले, एका डब्यानं असं होत नाही. मी त्यातलं अर्धं खरं धरलं. मग ते महाराजांना समजावू लागले, या औषधानं आजार बरा होत नाही, पुढचा झटका लांबतो.

“म्हंजे पाव्हणे येणारच,” महाराज म्हणाले, “फक्त गाडी लेट करून राह्यले तुमी.”

डॉक्टर हसले नाहीत.

आठवड्याला एक सुई. ती घेतली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंग ठेचल्यासारखं. झटका आलाच तर स्टेरॉइडची सलाइनं. तेव्हा मात्र चेहरा टरबुजासारखा फुगायचा, भूक खवळायची आणि महाराज खाटेवरून साऱ्या गल्लीला वांग्याची भाजी कशी करायची ते ओरडून सांगायचे. आठवडाभरानं आवाज पुन्हा खाली यायचा.

पण सगळ्यात वाईट दुश्मन म्हणजे ऊन. या आजारात अंग तापलं की पायातला जीवच जातो, निवलं की परत येतो. आता आमच्याकडची लग्नं उन्हाळ्यातली, आणि हा माणूस भट्टीपुढे! डोक्यावर ओला दुपट्टा, मानेवर बर्फाची पुरचुंडी, तरी मध्येच लडखडायचे. “महाराज आज लावून आले वाटते,” असं लोक बोलायचे. महाराज कोणाला काही सांगायचे नाहीत. दारुड्याला पुढच्या लग्नाचं बोलावणं येतं, आजाऱ्याला येत नाही, हा त्यांचा हिशेब.

काही वर्षांनी डॉक्टरांनी सुई बंद केली.

“बंद म्हंजे मी बरा झालो का, साहेब?”

डॉक्टर म्हणाले, आजारानं आता रूप बदललं आहे, झटके नाहीत, हळूहळू उतरण आहे, आणि त्यावर ही सुई चालत नाही. पायांचा ताठपणा, लघवीचा त्रास, थकवा, एवढ्यापुरत्या गोळ्या राहिल्या. “होऊन जाते बराबर” मला त्यांच्याकडून त्यानंतर कधी ऐकू आलं नाही.

त्या ताठपणाच्या गोळीची गंमत ऐका. गंमतच म्हणते, दुसरा शब्द सापडत नाही. गोळी घेतली की पाय मऊ पडायचे, कणकेच्या गोळ्यासारखे. उभंच राहता यायचं नाही. कारण ताकद केव्हाच गेली होती, माणूस उभा होता तो त्या ताठपणावर. आणि गोळी नाही घेतली की रात्री पाय झाडायचे. मग त्यांची बायको त्यांच्या पायांवर आडवी पडून रात्र काढायची.

“काहून चुकवता गोळी?” मी एकदा रागावले.

“बाई, कढई बसून नाही होत.”

दारव्ह्याच्या लग्नात त्यांनी सकाळपासून गोळी घेतली नाही. बायको पुऱ्या लाटायला सोबत असायची, तिनंच मला सांगितलं. खांबासारखे ताठ उभे राहून त्यांनी तेलात पहिला घाणा सोडला. दुसरा सोडला. मग उन्हानं पायातलं सगळं काढून घेतलं. तिनं मागून कंबर धरली म्हणून मागे पडले, पुढे नाही. वऱ्हाडी मंडळी हसत होती. त्यानंतर बोलावणं आलं नाही.

पुढचं तुम्हालाही माहीत असेल, कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहिलंच असेल. खाट, नळी, पाठीवरच्या जखमा. गोळी मग वेळेवर घ्यायचे, चुकवायला कारणच उरलं नव्हतं. तरी पाय झाडायचे थांबले नाहीत. मागच्या पावसाळ्यात छातीत कफ धरला आणि महाराज गेले.

तेरवी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. बायको ओट्यावर तूर निवडत बसली होती. माझ्याजवळ सांत्वनाचं एक भाषण तयार होतं, मास्तरणीची खोड. ती म्हणाली, बसा. मी बसले. सुपातून मान वर न करता ती हळूच म्हणाली,

“बाई, मले लय गाढ झोप लागून राह्यली आता. पडली का लागते. कोणाले सांगू नोका.”