चौतीस माणसांचं दुकान

कुबातसारखं कटिंग अख्ख्या तोकमोक शहरात कुणाला जमत नाही, हे त्याचा थोरला भाऊ सातिबाल्दी रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून सांगायचा. नऊ झग्यांच्या कापडात धाकटा दहा काढायचा. दुकान मात्र थोरल्याचं, जुन्या गोठ्यात मांडलेलं. माणसं अकरा, आणि काम आटत चाललेलं.

"बाइके, वसंतापर्यंत बघतो," कुबात म्हणाला; थोरल्या भावाला तो बाइकेच म्हणायचा. "काम आलं तर राहतो. नाहीतर मॉस्को. बर्फ उपसायला माणसं लागतात म्हणे."

"माझा भाऊ आणि फावडं? गप बस."

त्याच हिवाळ्यात राजधानीच्या विद्यापीठातली बेर्मेत नावाची पोरगी गल्लीतल्या शिवणवाल्यांची पाहणी करायला आली. करवाला मागे लागेल म्हणून गल्लीत सगळेच माणसं कमी सांगायचे. शेजारच्या मामात नावाच्या शिवणवाल्यानं नऊची सहा केली. पण सातिबाल्दीनं तिला दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसवलं, तिच्यापुढं रोटी मोडली, चहा ओतला. घरी आलेल्या पाहुण्यापुढं लहान कसं व्हायचं?

"किती माणसं, आका?" तिनं आदरानं विचारलं.

"चौतीस."

"बाइके, अकरा," कुबात हळूच म्हणाला.

"तुला मोजता कुठं येतंय? तू कापड काप."

पोरगी हसली. चौतीस लिहून घेतले.

वसंतात कळलं, विद्यापीठवाल्यांनी पंधराच्या आत माणसं असलेली दुकानं घेऊन चिठ्ठ्या काढल्या. ज्यांची निघाली त्यांना वर्षभर शिकवायला माणूस मिळणार, वर अल्मातीच्या मोठ्या दुकानदाराचं काम. छोट्या दुकानाला असा हात दिला तर ते वाढतं का, हे त्यांना बघायचं होतं. मामातची चिठ्ठी निघाली.

सातिबाल्दी बस धरून विद्यापीठात गेला. सगळ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःला कमी करून सांगितलं.

"अकराच आहेत गं, पोरी. मी फुगवून सांगितलं."

बेर्मेतचा चेहरा उतरला. "आका, आता एकालाही मधे घुसवलं तर सगळी पाहणीच खोटी पडते. तेव्हाच सांगायचं होतं ना. निदान तुमच्या नावाची चिठ्ठी तरी टाकता आली असती."

घरी येऊन त्यानं धाकट्याला खरं सांगितलं. कुबातनं एक शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता "असू दे, बाइके" म्हणाला आणि वहिनीला कागदाचे फर्मे कापडावर कसे बसवायचे ते शिकवत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

बसपाशी मामात भेटला. "कुठं निघाला कुबात?"

"मॉस्कोला," सातिबाल्दी बोलून गेला. "मोठ्या कारखान्यात. कटिंगचा मुख्य म्हणून बोलावलंय."

कुबातनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मागं अकरा म्हणून भावाला खोडलं होतं, आज खोडलं नाही.

"हो, मामात आका," एवढंच म्हणाला आणि बसमध्ये चढला.