थंड घराचा दाखला

काल घराची ऊर्जा तपासणी करायला एक माणूस आला. इंग्लंडमधलं आमचं हे लाल विटांचं घर शंभरी ओलांडलेलं. आमच्या यांना दम्याचा त्रास वाढल्यापासून घर विकून उबदार फ्लॅटमध्ये जायचं ठरलंय, आणि विकायला या तपासणीचा दाखला लागतो.

त्या माणसाने खिडकीच्या फटीपाशी तळहात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ताप बघावा तसा.

"भिंतीही भरीव आहेत, मधे पोकळी नाही. ऊब टिकणार नाही," तो म्हणाला.

"खिडक्या बदलून घेऊ?" मी विचारलं.

"पुढच्या नाही बदलता येणार. हा रस्ता वारसा म्हणून जतन केलेला आहे, कौन्सिल परवानगी देत नाही."

मला रागच आला. एका खात्याला हे घर नापास वाटतं आणि दुसऱ्याला ते इतकं मौल्यवान, की त्याला हात लावायचा नाही. घर बघायला येणारेही तसेच. फायरप्लेसवरून हात फिरवतात, उंच छताचं कौतुक करतात, आणि दाखल्याचं विचारून जातात ते परत फोन करत नाहीत. सुंदर म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच इथे हिवाळा काढायचा नसतो.

दाखल्यावर 'ई' श्रेणी, म्हणजे शेवटून तिसरी, येईल, असं सांगून तो गेला. हे उठले आणि आपली खुर्ची ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"इथे जरा ऊब असते. मार्चपर्यंत इथेच बसतो," म्हणाले.

पाच खोल्यांचं घर आमचं. मी दिवाणखान्याचं दार लावून घेतलं.