सुमनचा अंगठा आणि कारवारचा मासा

परवा सकाळी बंगळुरात, बसवनगुडीच्या आमच्या दुकानात मी एका मेलेल्या रेडिओ-बॅटरीचं पोट फाडून बसलो होतो... आणि समोर स्टुलावर सुमन, तोंड फिरवून.

मी रेडिओ दुरुस्त करतो. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण जे शिकलो ते मुळापासून शिकलो. सुमन माझी बायको, माहेर कारवारचं. दिवाळीनंतर तिला अर्धांगवायू झाला. पाय सावरला, बोलणं सावरलं... उजवा हात मात्र तसाच राहिला.

डॉक्टर म्हणाले, हाताला विजेचे शेक द्या, उशीर केलात तर स्नायू वाळत जातील. सुमनने साफ नकार दिला. लहानपणी बंदरावर मासळी निवडताना तिचा हात विजेचा धक्का देणाऱ्या एका चपट्या माशाला लागला होता. खांद्यापर्यंत कळ गेली, हात बराच वेळ बधिर. "एकदा विजेनेच माझा हात मेला होता," ती म्हणायची, "आता मेलेल्या हाताला परत वीज कशाला?"

मीही हट्टाला पेटलो. लायब्ररीत बसून त्या माशाबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि परवा तिला दुकानात घेऊन आलो.

वीज नसलेल्या खेड्यांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला नव्वद व्होल्टची बॅटरी लागते. आत दीड-दीड व्होल्टचे चपटे सेल एकावर एक रचलेले असतात. "माशाच्या अंगात हेच," मी म्हणालो. "चकतीसारख्या पेशी, नाण्यांच्या चळतीसारख्या. एकेकीची ताकद जेमतेम एक दशांश व्होल्ट. एरवी प्रत्येकीच्या दोन बाजू एकमेकींना तोलून धरतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. मेंदूचा निरोप आला की प्रत्येकीची एकच बाजू उलटते... सगळ्यांची एकाच क्षणी. मग होते बेरीज!"

झालं. बेरीज ऐकून ती आणखीच घाबरली. "एवढ्या सगळ्या चकत्या मिळून माझ्या हातात?"

"अगं, पुढचं ऐक तरी! त्या पेशी मुळात स्नायूच. आकसायचं विसरल्या, वीज तेवढी राखली. तुझ्या हाताच्या स्नायूतही तीच वीज आहे, अगदी थोडी. मशीन तिला नुसती हाक मारणार."

ती डाव्या हाताने एक सेल उचलून उलटसुलट करून पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, मग त्या माशाला स्वतःला कसा धक्का बसत नाही?"

मी आतल्या चरबीचा आडोसा असेल, असा एक अंदाज वाचला होता. पण अंदाज मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, बायकोला कसा सांगू?

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

सुमन हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा... डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदा ऐकतेय हो मी! सरी, बरं तर, जाऊ या. पण आधी तुमच्या हाताला लावायचं."

काल दवाखान्यात गेलो. मशीनवरच्या अक्कांनी "स्वल्पच हं, अम्मा, थोडंसंच" म्हणत ओल्या पट्ट्या आधी माझ्या हाताला बांधल्या. करंट किती, फ्रीक्वेन्सी किती, असं मी विचारत होतो, तेवढ्यात माझी बोटं टुणकन उडाली आणि मी ओरडलोच.

"अक्का, यांचा आवाज जरा कमी करा," सुमन म्हणाली.

मग तिची पाळी. तिने डोळे घट्ट मिटले, डाव्या हाताने माझी बाही धरली. आणि तिचा उजवा अंगठा हलला. एकदा... परत एकदा.

तो यंत्राने हलवला, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपणहून कधी हलेल, ते अक्काही सांगत नाहीत. पण सुमनने डोळे उघडले आणि माहेरचं कुणी दारात उभं असावं तशी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "उद्याही यायचं ना?" हे तिनेच विचारलं.

तो मासा स्वतःच्या धक्क्यातून कसा वाचतो, याचा शोध मी सोडलेला नाही. पण उत्तर सापडलं तरी सुमनला इतक्यात सांगणार नाही.