मायची दुलई

थंडी पडली की मी दुलई घेत नाही, घोंगडं घेतो. घरची माणसं कारण विचारतात आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं कारण आज लिहून ठेवतो आहे.

ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती आणि त्यामुळं आमच्या भातकुलीकडच्या काळ्या रानातला कापूस मागाल त्या भावानं जात होता. अकोल्याच्या बाजारात गाडी सोडायच्या आधीच व्यापारी येऊन बैलांच्या कासऱ्याला हात घालत. लोकांनी ज्वारीच्या वावरातही पराटी, म्हणजे कपाशीच, पेरली. शेतातलं सगळं विकून झालं, तेव्हा लोकांची नजर घरात वळली.

हिवाळ्याच्या तोंडाला गावचा पिंजारी आमच्या अंगणात बसायचा. गाद्या-दुलया उसवायचा, दबलेला कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा. त्या साली मी त्याला सांगितलं, पिंज, पण भरू नको. नव्या कापसात मिसळून तोही विकायचा माझा विचार होता.

तो हसला. "साऱ्या गावाच्या गाद्या विलायतले चालल्या, मालक. गोरे लोक आता तुमच्या घामावर निजतीन."

मीही हसलो. मायची दुलई पुढ्यात आली तेव्हा मात्र त्यानं हात थांबवला. मी म्हणालो, "तेही काढ." माय ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिला म्हणालो, "पुढच्या वेचणीले भरून देतो, माय."

"दे बाप्पा, तुह्या सवडीनं," ती म्हणाली.

पंधरा-वीस दिवसांत पुढची वेचणी आली आणि विकली गेली. त्याच्या पुढचीही गेली. मायनं त्या खोळीत आपली जुनी लुगडी घालून टाके मारले. वरून पाहिलं तर दुलई होती तशीच दिसायची.

त्याच हिवाळ्यात तिचा जुना नवस फेडायचा ठरला. लहानपणी मी तापानं जायला टेकलो होतो, तेव्हा ती बोलली होती की पोरगा वाचला तर मेळघाटातल्या वैराट डोंगराच्या माथ्यावर रात्र काढीन आणि दिवस उगवताना देवापुढं दिवा लावीन. आधी बाबा गेले, मग माझी शेती. दरसाल काहीतरी आडवं येत गेलं. पौषात गावची माणसं तिकडं निघाली आहेत असं कळलं आणि ती गाठोडं बांधूनच बसली.

परतवाड्यापर्यंत गाड्या होत्या. पुढं मेळघाटाची चढण पायी. सागाची पानं दवानं ओली, गवत गुडघ्याच्या वर, आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवरच राहिलेलं. माय काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होती. शेजारचे काका मागून धापा टाकत ओरडले, "वयनी, हळू चाला. देव कुठी पळून नाही चालला."

"देव नाही पळत, भाऊजी. माही उमर पळून रायली."

"मंग तिच्या संग आमाले कावून पळवता?"

बाया हसल्या. मायही हसली आणि तशीच पुढं चालत राहिली. गाविलगड मागं पडला. दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना आम्ही माथ्यावर पोचलो. उघड्यावर शेंदूर माखलेला एक दगड होता, बाकी चारी बाजूंनी नुसतं आभाळ. वारा असा होता की पेटवलेला जाळ जमिनीलगत पसरत होता.

मी अमरावतीच्या बाजारातून नवीन विलायती कांबळं आणलं होतं. तेजीच्या पैशातली माझी ती पहिली हौस. माय आपली दुलई गुंडाळून दगडाच्या आडोशाला बसली होती. मी कांबळं तिच्यापुढं धरलं.

"माय, हे घे."

"राहू दे बाप्पा, तुले लागन. माही दुलई हाये ना."

त्या दुलईत काय आहे ते मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी कांबळं अंगावर ओढून घेतलं. मी एकदाच विचारलं.

उजाडताना तिनं कनवटीतून वात काढली. पिंजाऱ्यानं दुलई उसवली त्या दिवशी तिनं त्या ढिगातून चिमूटभर कापूस मागून घेतला होता, याच वातीसाठी. तिची बोटं वळत नव्हती. मी तिचा हात धरून दिवा लावला. हात नदीतल्या गोट्यासारखा गार होता. लोकांनी नमस्कार केला. ती म्हणाली, "फिटलं." मग खोकली.

उतरताना तिला झोळीत घालून आणावं लागलं. घरी बायकोनं दार-खिडक्या लावल्या, शेगडी ठेवली, ते विलायती कांबळं तिच्यावर घातलं. या वेळी तिला नाही म्हणायचं भान नव्हतं. माघ सरता सरता ती गेली. वैद्य म्हणाले, वय झालं होतं. काका म्हणाले, नवस फेडून गेली, भाग्याची. कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलायला हवं होतं.

तेराव्याला शय्यादान करायचं होतं. मेलेल्या माणसाला तिकडं अंथरूण-पांघरूण मिळावं म्हणून इथं ते ब्राह्मणाला देतात. मी पिंजाऱ्याला बोलावून मायच्या दुलईची खोळ त्याच्यापुढं टाकली. बाजारातून विकत आणलेला पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस शेजारी ओतला.

"किती भरू, मालक?"

"मावन तेवढा."

त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही. दिवसभर अंगणात त्याच्या पिंजायच्या धनुकलीच्या तातीचा आवाज येत राहिला.

भटजींनी दुलई उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "फार जड झाली. इतकी कशाला भरली? गडी पाठवतो मी उद्या."

मी म्हणालो, "मीच आणून देतो."

त्यांचं घर वेशीपलीकडं होतं. फाल्गुनाचं ऊन चढलं होतं. मी दुलई डोक्यावर घेतली आणि गावातून निघालो. तिची टोकं खांद्यांवरून खाली लोंबत होती. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. वाटेत काका भेटले, म्हणाले, "दे इकडं, थोडा वेळ मी घेतो." मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, मग हात पुढं करून आणखी एकदा विचारलं.

मी थांबलो नाही. दुलई चांगलीच उबदार झाली होती.