कुलूपवाल्यांचं सात नंबरचं आयर्न

कुणी काही फुकट दिलं की ते आधी उलटंपालटं करून बघायचं, हा कुलूपवाल्यांचा जुना स्वभाव. त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं दुरुस्त करण्यात गेलेला. जग एकमेकांवर किती विश्वास ठेवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुकान अरुंद, भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आणि मधे स्टुलावर हे, अडून बसलेल्या कुलपाला कान लावून. आत खट् झालं की चेहरा खुलायचा. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा तो खट् हाच काय तो मोठा आधार होता.

दुसरा आधार व्याह्यांचा. लेकीचे सासरे म्हणजे बोलका माणूस, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. त्यांनी या एकट्या जिवाला ओढत गोल्फच्या मैदानावर नेलं. लेकीचं सासर, नाही कसं म्हणायचं, म्हणून कुलूपवाले गेले आणि चक्क रमले. पुढं व्याह्यांनी नवा संच घेतला आणि जुनी आयर्न, म्हणजे ती लोखंडी तोंडाची दांडकी, यांना देऊन टाकली. दर रविवारी दोघांची जोडी ठरलेली. आठवडाभर कुलूपवाले त्या एका सकाळच्या भरवशावर जगायचे.

आणि यंदा सात नंबरचं आयर्न बिघडलं. एक चेंडू नाकासमोर जायचा, दुसरा झुडपात, तिसऱ्याच्या वेळी नुसती माती उडायची. माणूस तोच, दांडकं तेच, मग फटका दर वेळी वेगळा कसा? कुलूपवाल्यांनी दुकानातलं भिंग लावून दांडा तपासला, मूठ तपासली. कुठं खोट सापडेना, म्हणून संशय आणखी वाढला. जुना माल गळ्यात मारला की काय व्याह्यांनी?

त्यात सगळेच हल्ली हळू बोलायला लागले होते. गिऱ्हाइकं पुटपुटायची. कुलपंसुद्धा मुकी निघायची. कारखान्यांनी माल हलका केला, असं ते सांगत. व्याही आणि मैदानावर गोल्फ शिकवणारे मास्तर बाकावर डोकी जवळ आणून काहीतरी कुजबुजत आणि यांना पाहिलं की गप्प बसत. मनात पाल चुकचुकली. त्यातच लेकीच्या घरी दारातून आत जाताना व्याह्यांचं वाक्य कानावर पडलं, "असं किती दिवस चालवून घ्यायचं?" लेकीनं वडिलांना पाहून विषय बदलला. जोड्यांचा सामना तोंडावर आला होता. आपल्याला वगळायचा घाट घातलाय, अन् पोटची पोरही त्यात सामील! कुलूपवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांनी अख्खी पिशवीच व्याह्यांपुढं आदळली.

"हे घ्या तुमचं लोखंड. जोडीदार बदलायचा तर तोंडावर सांगा. पाठीमागं कुजबूज कशाला?"

"कुजबूज?" व्याही लालबुंद झाले. "अहो व्याही, सहा महिने झाले, मी तुमच्याशी ओरडून बोलतोय! घसा बसलाय माझा!"

मास्तर मधे पडले. "काका, दांडकं चेंडूला लागायच्या आतच तुमचं डोकं वळतं. मला वाटायचं, चेंडू कुठं गेला ते बघायची घाई."

"घाई नाही हो," व्याही जरा खालच्या पट्टीत म्हणाले, मग आठवण होऊन पुन्हा आवाज चढवला, "ते कान लावतात! डावा कान काम देत नाही, म्हणून उजवा पुढं करतात. तुमच्या लेकीला सगळं ठाऊक आहे. पण बाबांचा धंदाच कानावर चालतो, सांगू कसं, म्हणून रडते ती."

"मी बहिरा? काहीतरीच!"

पण संशय घेणं हाडात मुरलेलं, मग तो स्वतःवर का नको? कुलूपवाल्यांनी खिशातलं छोटं कुलूप काढलं, डाव्या कानाशी धरलं आणि किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. मग उजव्या कानाशी धरलं. खट्.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कारखाने, गिऱ्हाइकं, व्याही, पोर, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. आता दुकानाचं काय होणार, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मास्तर दुसरीकडं बघू लागले.

व्याह्यांनी पिशवीतून सात नंबरचं आयर्न काढून त्यांच्या हातात दिलं आणि वळसा घेऊन ते त्यांच्या उजव्या बाजूला जरा लांब उभे राहिले.

"कान लावू नका. तुम्ही नुसतं चेंडूकडं बघा. ऐकायचं काम माझं."

कुलूपवाल्यांनी मान खाली घातली. ती वळायला बघत होती, त्यांनी दामटून जागेवर ठेवली. हात फिरले. मुठीला फटका मऊ लागला, आवाजाकडं मात्र त्यांनी कान दिला नाही. चेंडू होता तिथलं गवत दिसेपर्यंत त्यांनी डोकं उचललं नाही, आणि उचललं तेव्हा चेंडूकडं न बघता व्याह्यांकडं बघितलं.

"कसा वाजला?"

"खणखणीत!" व्याही एवढ्यानं ओरडले, की पलीकडं रांगेत फटके मारणारी माणसं वळून बघू लागली.

कुलूपवाल्यांनी खात्री करून घेतली नाही. त्यांनी दुसरा चेंडू ठेवला.